बावडा : भाकरी, पाव आणि वाचनालय

इंदापूरहून अकलूजकडे निघाले की वडापुरी, सुरवड, भांडगाव ही गावे मागे पडतात आणि रस्ता बावड्यात येतो. थोडे पुढे सराटी, आणि सराटीला नीरा नदी. नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सोलापूर. जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी दर आषाढात याच रस्त्याने पंढरपूरला जाते आणि सराटीला पादुकांना नीरेचे स्नान घडते. त्या दोन दिवसांत या पट्ट्यातल्या घराघरांत भाकऱ्यांची चवड लागते. कोण कोणत्या घरचा, हे त्या भाकरीला कोणी विचारत नाही.

या गावाशी माझे नाते माहेरचे नाही आणि सासरचेही नाही. माझ्या मावसबहिणीचे घर बावड्याच्या पंचक्रोशीत आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा तरी माझे तिकडे जाणे होते. पुण्यातल्या मैत्रिणी विचारतात, "तिथं पाहण्यासारखं काय आहे?" तसे पाहिले तर पुष्कळ आहे. नीरा आणि भीमा यांचा संगम नरसिंहपूरला, इथून जवळच. इंदापुरात मालोजीराजांच्या गढीच्या खुणा आहेत आणि चाँदशाहवली बाबांचा दर्गा आहे. मालोजीराजांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ती अहमदनगरच्या शाह शरीफ पीरांवरच्या श्रद्धेने, ही गोष्ट आपल्या बहुतेक घरांत माहीत असते. पण मला बावड्याला ओढून नेतात त्या याहून साध्या गोष्टी : चुलीवरची भाकरी, भट्टीतला पाव आणि एका वाचनालयातले लाकडी बाकडे.

कोरडवाहू मातीची भाकरी

हा मुलूख पर्जन्यछायेचा. सह्याद्री ओलांडताना पावसाचा जोर संपतो आणि इकडे येते ती उरलीसुरली सर. नीरा डावा कालवा १८८५ साली झाला, त्याचे पाणी बारामती-इंदापूरकडे आले. पुढे भीमेवर उजनी धरण झाले. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसतो, मधे डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागा. तरी या मातीचे मूळ पीक रब्बीची ज्वारी. भाद्रपद-आश्विनात पेरायची, जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढवायची आणि फाल्गुनाच्या आसपास काढायची. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात या भागात इतकी रुजली, की दुकानात ज्वारी मागताना लोक 'मालदांडी आहे का' असेच विचारतात.

चांगली भाकरी कशी ओळखायची, हे मला बहिणीच्या सासूबाईंनी शिकवले. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा ताण नसतो. म्हणून पीठ ताजे हवे. आठवडाभरापेक्षा जास्त ठेवले की चिकटपणा जातो आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात. मग गरम पाणी घ्यावे लागते. पीठ घाईने मळून चालत नाही, तळहाताने रगडावे लागते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि शेवटी निखाऱ्यासमोर उभी धरायची. टम्म फुगून पदर सुटला की झाली. सासूबाई म्हणतात, "पीठ चांगलं असून भाकरी बिघडली तर हात वाईट. पीठ वाईट असून भाकरी जमली तर ती बाई खरी."

त्यांना वाईट पिठाचा अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या. तेव्हा रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळायची. मिलो म्हणत तिला. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळायची. त्या तांबड्या पिठाची भाकरी थापताना तुटायची, म्हणून त्या पिठात आणखी काहीबाही मिसळून वेळ भागवायच्या. "फेकली मात्र एकही नाही," असे त्या सांगतात, आणि आजही ताटाबाहेर पडलेला तुकडा उचलून पुसून डोळ्यांना लावतात. आपल्या दस्तरखानावर ही रीत जुनीच आहे. नातवंडांना तिचे कारण माहीत नसते. कारण बहात्तर साली आहे, आणि त्याच्याही मागे आहे.

शिळ्या भाकरीला या घरात दुसरा जन्म मिळतो. सकाळी ती कुस्करून कांदा, लसूण, मिरचीची फोडणी दिली जाते. चपाती उरली तर गूळ-तूप घालून मलिदा. पाव उरला तर सणाच्या दिवशी साखरेच्या पाकात शाही तुकडे. शिळे म्हणजे संपलेले नव्हे, हा हिशेब आपल्या आया-आज्यांना शाळेत न जाताही पक्का येत होता.

रात्रभर जागणारी भट्टी

माझ्या भाचीचा, म्हणजे मावसबहिणीच्या मुलीचा नवरा बेकरीत काम करतो. पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. गोव्यातून आणि मुंबईतून तो आत आत सरकत देशावरच्या गावांत पोहोचला. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बेकरी चालवणारी माणसे मुसलमान आहेत. काही इथलीच, काही उत्तर प्रदेशातून येऊन इथली झालेली. भाषा, बोली, सण वेगळे असले तरी गावाची सकाळ त्यांच्या हातातून उगवते.

एकदा मी रात्री मुद्दाम भट्टीवर जाऊन बसले. दहाच्या सुमारास मैदा, पाणी, मीठ, थोडी साखर आणि यीस्ट एकत्र करून पीठ मळले गेले. नंतर तासन्‌तास काहीच घडत नाही असे वाटते. पीठ झाकून ठेवलेले, माणसे चहा पीत बसलेली. पण खरे काम त्याच वेळात होते. खमीर हळूहळू पीठ फुगवते आणि त्यात चव भरते. ज्यांना घाई असते ते यीस्ट वाढवतात आणि वेळ कमी करतात. असा पाव दिसायला फुगीर, पण त्याला यीस्टचा वास मारतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा भुगा होतो. चांगला पाव वरून तांबूस, आतून जाळीदार असतो. अंगठ्याने दाबला की पुन्हा वर येतो. पहाटे चारच्या सुमारास पहिली लादी बाहेर आली तेव्हा अंधारात सायकली आणि मोटारसायकली उभ्याच होत्या.

लाद्या संपल्या तरी भट्टीची धग उरते. त्या उतरत्या उष्णतेत ब्रेडचे काप रचून ठेवतात. ते सावकाश सुकतात, खरपूस होतात आणि त्यांचा टोस्ट बनतो. बिस्किट या शब्दाचा मूळ अर्थही 'दोनदा भाजलेले' असाच आहे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या इकडे येतात. पहाटेच्या थंडीत फडावर जाणाऱ्या त्या बायाबापड्यांच्या न्याहारीला चहा आणि हाच टोस्ट असतो. पाव दुसऱ्या दिवशी शिळा होतो. दोनदा भाजलेला टोस्ट महिनाभर टिकतो.

गावाच्या इतिहासातले एक पान

बावड्याबद्दल लिहिताना एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. १९७२ साली, त्याच दुष्काळाच्या वर्षी, या गावातल्या दलित वस्तीवर सामाजिक बहिष्कार टाकला गेला. त्याची बातमी महाराष्ट्रभर गेली. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावची घटना आणि बावड्याचा बहिष्कार, या दोन्हींचा उल्लेख दलित पँथरच्या स्थापनेच्या पार्श्वभूमीत येतो. त्याच वर्षी मुंबईत पँथर उभी राहिली. मराठी साहित्य आणि राजकारण दोन्ही त्यानंतर बदलले.

बहिष्कार हा शब्द पुस्तकात वाचताना कोरडा वाटतो. गावात त्याचा अर्थ रोजच्या भाकरीशी भिडतो. दुकानदाराने मीठ द्यायचे नाही, गिरणीवाल्याने दळण घ्यायचे नाही, शेतावर कामाला बोलवायचे नाही, बोलायचेसुद्धा नाही. ज्या घरात दुपारची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, तिथे चार दिवस पुरे होतात. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ साली, आणि तो लागू झाला २०१७ मध्ये. म्हणजे बावड्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी.

हे मी गावाला नाव ठेवण्यासाठी सांगत नाही. त्या काळी जी मुले जन्मलीही नव्हती ती आज तिथे दुकाने चालवतात, शाळेत शिकवतात, एकाच एस.टी.त बसून इंदापूरला जातात. माणसाला जशी दुसरी संधी लागते तशी गावालाही लागते. पण त्यासाठी मागचे पान फाडून चालत नाही, वाचावे लागते. 'यांच्याकडून काही घेऊ नका, यांना काही देऊ नका' असले निरोप अधूनमधून आपल्याही कानावर येतात. ज्यांच्या बेकरीबद्दल, फळांच्या गाडीबद्दल असे बोलले जाते, त्यांनी तर बावड्याचे हे पान आवर्जून वाचावे. दुसऱ्याच्या चुलीवरचा घाला कसा असतो हे कळले, की आपली बाजू मांडताना त्याचाही आवाज आपल्या आवाजात मिसळतो.

दोन वाचनालये

आता भाचीची गोष्ट. ती नववीत असताना तिच्या वडिलांना लकवा झाला. घरात कमावणारे कोणी नाही, शाळा सुटली. अठराव्या वर्षी लग्न, मग दोन मुले. सत्ताविसाव्या वर्षी तिची मोठी मुलगी पहिलीत गेली. तिचा अभ्यास घेताना हिच्याच डोक्यात आले, की आपण दहावी करावी. नवरा म्हणाला, "कर की." सासरे गप्प बसले, आणि त्या घरात सासऱ्यांचे गप्प बसणे म्हणजे परवानगीच.

फॉर्म भरला, पण बसायला जागा कुठे? एका खोलीत रात्रपाळी करून आलेला नवरा दिवसा झोपलेला. दुसरीत मुले, सासू-सासरे आणि येणारे-जाणारे. ती जवळच्या एका वाचनालयात गेली. तिथे सगळ्या खुर्च्यांवर पेपर वाचणारे पुरुष. खिडकीशी बसलेल्या माणसाने सांगितले, "बायकांची वेगळी सोय नाही. पुस्तक पाहिजे असलं तर घरच्या माणसाला पाठवा." ती परत आली आणि चार दिवस त्या विषयावर बोललीच नाही.

सासूबाईंनी तिला पुन्हा उठवले. बहात्तरची तांबडी ज्वारी थापलेली ती बाई. म्हणाल्या, "एक दार बंद झालं तर दुसरं ठोठाव. मी येते संगट." दोघी दुसऱ्या एका गावच्या वाचनालयात गेल्या. तिथल्या वयस्कर ग्रंथपालांनी आधी बाकडे पुसले. लहान मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाजवळचे एक टेबल रिकामे केले आणि म्हणाले, "ताई, नऊनंतर पेपरवाल्यांची गर्दी कमी होते. साडेअकराला मी कुलूप लावतो. तेवढा वेळ हे टेबल तुमचं." पहिले आठ दिवस सासूबाई तिच्याबरोबर जाऊन बसत. हातात तसबीह, समोर उघडे मासिक. पुढे तिसऱ्या आठवड्यात त्या टेबलाशी आणखी दोन बायका आल्या. एक अंगणवाडीतली मदतनीस, दुसरी गावातलीच एक सून. तिघींची घरे तीन जातींची. बाकडे एकच.

मार्चमध्ये भाची गणितात आठ गुणांनी नापास झाली. बाकी सगळे विषय सुटले. त्या दिवशी तिच्या मुलीने विचारले, "अम्मी, आता तुला पण परत त्याच वर्गात बसवणार?" सगळे हसले, भाचीला हसू आले नाही. पण पुरवणी परीक्षा असते. ती पुन्हा त्या टेबलाशी जाऊन बसली. ग्रंथपालांनी बारावीतल्या एका मुलाला तिची बीजगणिताची उजळणी घ्यायला सांगितले. तिने त्याला फीऐवजी रोज एक टोस्टचा पुडा दिला. जुलैत गणित सुटले. सध्या ती बारावीचा विचार करते आहे. होईल की नाही, हे तिलाही ठाऊक नाही. धाकट्याचे दुखणे असते, नवऱ्याची रात्रपाळी असते. पण टेबल तिथे आहे, एवढे तिला ठाऊक आहे.

सार्वजनिक म्हणजे कोणाचे?

महाराष्ट्रात ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. त्याच सुमारास पुण्यात मुलींच्या शिक्षणाची सुरुवात झाली. त्या कामात सावित्रीबाईंबरोबर असलेल्या फातिमाचा उल्लेख त्यांनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सापडतो. सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात १९१० पासून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले आणि पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत पाठवली. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. शालेय पुस्तके छापणारी बालभारतीही त्याच वर्षी स्थापन झाली. आज राज्यात अकरा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असतात आणि वर्गानुसार सरकारी अनुदान मिळते. सातारा जिल्ह्यातले भिलार तर २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' म्हणूनच ओळखले जाते.

या आकड्यांत मला रस आहे तो एका कारणाने. अनुदानावर चालणारे वाचनालय कोणा एका आळीचे नसते. ते ज्या पैशांवर चालते त्यात बेकरीवाल्याने मैद्यावर, टोस्टच्या पुड्यावर भरलेला करही आहे. तिथे जाऊन बसणे ही कोणाची मेहेरबानी नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. त्यांचा सारांश असा, की पुस्तके वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. 'प्रत्येक वाचक' यात नववीत शाळा सुटलेली सून येते की नाही, हे शेवटी खिडकीशी बसलेला माणूस ठरवतो. आणि आपण तिथे गेलोच नाही, तर त्याला ते ठरवायची वेळही येत नाही.

आपल्या समाजाची या बाबतीतली शिकवण स्पष्ट आहे. बद्रच्या लढाईनंतर मदिनेत जे कैदी आले, त्यांतल्या लिहितावाचता येणाऱ्यांपुढे सुटकेची एक अट ठेवली गेली : मदिनेच्या दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवा आणि मोकळे व्हा. ही हकिकत आपण जलशांतून अनेकदा ऐकतो. ऐकताना आपले लक्ष विद्येच्या महत्त्वाकडे जाते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कालपर्यंत जो तलवार घेऊन समोर उभा होता त्याला दुसरी संधी मिळाली, आणि ती अक्षरांच्या वाटेने मिळाली. शत्रूला मिळू शकली ती आपल्या घरातल्या मुलीला, सुनेला, कामावर लागून शाळा सुटलेल्या मुलाला का मिळू नये?

करता येण्यासारखे

ज्यांच्या घरात असे कोणी आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. शाळा सुटलेल्यांना दहावी-बारावीला खासगीरीत्या बसता येते. त्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म असतो आणि त्याची मुदत मंडळ दरवर्षी जाहीर करते. शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवावा, कारण बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. बालभारतीची पाठ्यपुस्तके मंडळाच्या संकेतस्थळावरून मोबाईलवर मोफत उतरवून घेता येतात. त्यापुढे शिकायचे असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच कामासाठी आहे.

आणि वाचनालय. गावात असेल तर घरातल्या एका तरी बाईचे नाव सभासद म्हणून घालावे. अनामत आणि वर्गणी मिळून फारसा खर्च येत नाही. पहिल्या दिवशी कोणीतरी बरोबर जावे, कारण उंबरठा ओलांडायला सोबत लागते, आत बसायला नाही. घरात वाचून झालेली पुस्तके, या मासिकाचे मागचे अंक, मुलांची चांगली राहिलेली पाठ्यपुस्तके तिथे नेऊन द्यावीत. कपाटात ती शिळी होतात. तिथे कोणाच्या तरी हातात पुन्हा ताजी होतात.

पुढच्या वेळी सराटीकडे जाणे झाले तर बावड्याला जरूर उतरा. पहाटे पोहोचलात तर गरम लादी मिळेल, दुपारी पोहोचलात तर ज्वारीची भाकरी. सकाळी नऊ ते साडेअकरा मात्र माझी भाची घरी सापडणार नाही.